ओरखडा आणि विमा

विम्याचा हप्ता भरला की माणूस जरा बेफिकीर होतो. मीही झालो होतो. आषाढात रोह्याच्या घरी गाडी आत घेताना मागचे दार फाटकाला घासले. वीतभर रंग गेला, पत्रा उघडा पडला. "आधी तेवढं रंगवून आणा," असे सौभाग्यवतींनी चारदा बजावले. "मग विमा कशाला उतरवलाय?" हे माझे ठरलेले उत्तर.

पुढे गणपतीची मूर्ती आणायला चिरंजीवांसह पेणला गेलो. नागोठणे, वडखळ सुखरूप ओलांडले आणि पेणच्या अरुंद गल्लीत एक टेंपो मागे येता येता आमच्या गाडीच्या तोंडावर आदळला. बंपर फुटला, बॉनेटला पोचा आला, एक दिवा गेला. जागच्या जागी फोटो काढले, विमा कंपनीला कळवले, गाडी गॅरेजात लावली. इथवर सारे रीतसर.

अर्ज भरताना मात्र मागचे दार आठवले. एवीतेवी रंगकाम होणारच, तर हेही त्यातच घालावे! घातले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. वयस्कर, मितभाषी गृहस्थ. त्यांनी दारावरचा फुगलेला रंग नखाने उचलला. खालून तांबूस भुकटी गळली. "साहेब, टेंपो धडकला काल, पुढून. हा गंज तर अख्ख्या पावसाळ्याचा." मी काही पुटपुटणार, तोच चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते आपल्या फाटकाला घासलं होतं ना?"

वाचकहो, त्या क्षणी बॉनेटपेक्षा मोठा पोचा मला आला.

"ती ओळ खोडा," ते शांतपणे म्हणाले. "खोट्या ओळीपायी खरा दावाही बुडतो." मग त्यांनी हिशेब समजावला. दीड वर्षाच्या गाडीच्या पत्र्यावर घसारा 10 टक्के, प्लॅस्टिकच्या बंपरवर 50 टक्के, काचेवर काहीच नाही. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरायचा आणि त्याचा निम्मा आपण सोसायचा. शिवाय लहान गाडीला पहिले 1000 रुपये आपलेच. घसारा न कापणारा विमाही मिळतो, पण हप्ता चढा. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, थेट 1946 पासून. आपल्या गाडीचा मात्र आपल्या मर्जीचा. आणि गंज? तो अपघात नव्हे, हयगय. त्याला भरपाई नाही.

"लहान ओरखडा पदरच्या पैशानं बुजवा," ते जाताना म्हणाले. "दावा न केल्याची सूट पाच वर्षांत 50 टक्क्यांवर जाते, एका दाव्यानं शून्यावर येते. आपली हवा खारी, पाऊस दांडगा. पत्रा दिसला की गोड्या पाण्यानं धुवा, कोरडा करा, प्रायमर लावा, मग रंग. आणि ओल्या गाडीवर प्लॅस्टिक झाकू नका. आत वाफ धरते, गंज वाढतो."

भरपाई मिळाली, घसारा वजा जाता. दार मी माझ्या पैशाने रंगवले. गंज खरवडण्यापायी ते आषाढापेक्षा महाग पडले.

दसऱ्याला चिरंजीवांनी गाडीला हार घातला आणि कुंकवाचे बोट नेमके त्या मागच्या दारावर टेकवले. हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. सौभाग्यवती मात्र हसल्या.