केळे म्हणजे अंडे नव्हे

'शाकाहारी' हा आपल्या भाषेतला एक अत्यंत ढिला शब्द आहे. गाईच्या किंवा म्हशीच्या आचळातून आलेले दूध त्यात बसते, कोंबडीचे अंडे बसत नाही. पाकिटावरच्या ठिपक्यांचा सरकारी नियमही तेच सांगतो. दुधाला हिरवा ठिपका, अंड्याला मांसाहाराचा. दोन्ही पदार्थ प्राण्यांच्याच शरीरातून येतात, हे शाळकरी पोरालाही कळते. आमच्या गोव्यात सोमवारी किंवा चतुर्थीला 'शिवराक' जेवण असते. त्यातही दूध-तूप चालते, अंडे नाही. ही रूढी आहे आणि रूढी म्हणून मला ती मान्य आहे. रूढीला विज्ञानाचा किंवा अहिंसेचा झगा घातला की मात्र माझे भांडण सुरू होते.

मी स्वतः दूध आणि अंडी दोन्ही सोडली आहेत. त्यामुळे 'मग त्याऐवजी काय खाता?' हा प्रश्न मला नेहमीचा. विचारणाऱ्यांचे दोन तट आहेत. पहिल्याला वाटते, शहरातल्या मोठ्या दुकानातून बदामाच्या दुधाचे पाकीट आणले की प्रश्न मिटला. दुसऱ्याला वाटते, काहीही चालते, एक केळे खा. दोघेही एकच चूक करतात. जी वस्तू ताटातून उचलली ती तिथे कोणते काम करत होती, हे दोघेही विचारत नाहीत.

हा प्रश्न मी मुद्दाम कडोलीत नेऊन विचारणार आहे. बेळगावच्या उत्तरेला असलेले हे गाव मराठी वाचकाला तिथल्या साहित्य संमेलनामुळे ठाऊक आहे. सीमाभागात खेड्यातली माणसे दरवर्षी संमेलन भरवतात, हे आम्हा गोंयकारांना नेहमीच कौतुकाचे वाटत आले आहे. पण आमचे या पट्ट्याशी दुसरेही नाते आहे, ते पोटाचे. बेळगाव तालुक्यातली भाजी घाट उतरून आली नाही तर पणजी-म्हापशाच्या बाजारात दुपारपर्यंत हाहाकार होईल. कडोलीचा बटाटा, तिथली रताळी आणि भाजीपाला ही या मातीची खरी मिळकत. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज. म्हणजे नाव समुद्रामार्गे आले, पीक घाटमाथ्यावर रुजले आणि पुन्हा आमच्या ताटात उतरले.

कडोलीच्या एका घरी मी म्हटले, "काकी, चहात दूध नको हं, कोरा चालेल." काकी क्षणभर बघत राहिल्या. "कोरा च्या पावण्याला कसा देऊ ओ? लोक काय म्हणतील?" शेवटी आले-गूळ घातलेला कोरा चहा आला, सोबत भाजलेल्या शेंगा. काकींना ते यजमानपणातले उणे वाटत होते. माझ्या दृष्टीने ते ताट पूर्ण होते. दुधाला पर्याय म्हणून मी शोधत होतो ती वस्तू काकींनी चहाच्या बशीशेजारी आधीच ठेवली होती!

आता कामांचा हिशेब मांडू. पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर दुधात सुमारे 6 ते 7 ग्रॅम प्रथिने आणि साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने. पंचवीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांतही साधारण तेवढीच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, बिनसडीच्या तिळात त्याहून कितीतरी अधिक. सगळे अंगी लागत नाही, हे खरे, पण रोजची भाकरी आणि तिळाची चटणी हा काही पोकळ आधार नव्हे. याउलट बाजारातल्या बदामाच्या बहुतेक पेयांत बदाम दोन-चार टक्के आणि बाकी पाणी असते. वरून कॅल्शियम घातले असेल तर तेवढेच. माझ्या लाडक्या नारळाच्या रसाबद्दलही खरे बोलले पाहिजे. मनगण्यात, सोलकढीत, तोणकात तो दुधाची चव आणि दाटपणा सांभाळतो. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र तो देत नाही. गोव्याने नारळाला दूध मानले ते जिभेने, हाडांनी नव्हे.

सोयाबीनची गोष्ट तर चीड आणणारी आहे. बेळगाव हा कर्नाटकातल्या सोयाबीन पिकवणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक. पीक निघते, बाजार समितीत जाते, तेलाच्या गिरणीत जाते. तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या सोयाबीनचे अंडे होते आणि ते अंडे शेतकऱ्याच्या पोराने खावे की न खावे यावर मठात आणि विधानसभेत खल होतो! तेच सोयाबीन पाकिटातले पेय होऊन परत येते तेव्हा त्याचा भाव घरच्या म्हशीच्या दुधाला लाजवतो. वास्तविक रात्रभर भिजवलेले सोयाबीन सोलून, वाटून, गाळून, चांगले उकळले की घरच्या घरी दूध तयार. लिंबू पिळून ते फाडले आणि फडक्यात बांधून दाबले की पनीरसारखी वडी. शेंगदाण्याचे दूध याहून सोपे, सोलायचीही गरज नाही. त्याला हिरव्या मिरचीचे देठ घालून उबेला ठेवले तर दही लागते. गाळून उरलेला चोथा थालिपिठात जातो. यातली एकही वस्तू बेळगावच्या बाजाराबाहेरून आणावी लागत नाही.

स्वयंपाकातल्या अंड्याचेही तसेच. अंडे कधी बांधते, कधी फुगवते, कधी ओलावा धरते. प्रत्येक कामाला निराळा गडी लागतो. कटलेट बांधायला कडोलीचा उकडलेला बटाटा किंवा रताळे पुरते. केकमध्ये एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घातली की चिकटपणा येतो. फुगवण्याचे काम सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर करतात. जवस हे काही परदेशी नवल नव्हे. जवसाची चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या या मुलखाला ते कोणी नव्याने शिकवू नये. आणि ऑम्लेट? उपाहारगृहांतले 'टोमॅटो ऑम्लेट' खाऊन पिढ्या वाढल्या, त्यात बेसन असते आणि अंडे नसते हे कोणाला खटकले नाही. खरा पर्याय असा मुकाट्याने कामाला लागतो.

जिथे पर्याय नाही तिथे नाही म्हणावे. बेळगावचा कुंदा दूध आटवल्याशिवाय होत नाही. आमच्या बिबिंकेत दूध नारळाचेच, पण तूप आणि अंड्याचा बलक काढून घेतला की ती बिबिंक राहत नाही. मी दोन्ही खात नाही, एवढेच. नकली कुंदा करून अस्सलाशी स्पर्धा लावण्याची मला गरज वाटत नाही.

माझ्या या उत्साहाला लगाम घालणारा एक माणूस बेळगावलाच भेटतो. 26 आणि 27 डिसेंबर 1924 रोजी इथे काँग्रेसचे 39वे अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये जन्मला 1944 साली. गांधीजींनी दूध सोडले होते 1912 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. कलकत्त्याकडे गाई-म्हशींवर होणाऱ्या 'फुका'च्या क्रूर प्रकाराची माहिती हे त्यामागचे एक कारण. 1918 साली खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू असा होता. आमांश झाला, प्रकृती पार ढासळली, तरी दूध घेईनात. अखेर गाई-म्हशीच्या दुधाचे व्रत होते, शेळीचे नव्हे, अशी वाट कस्तुरबांनी सुचवली आणि 1919 मध्ये त्यांनी शेळीचे दूध घेतले. ही तडजोड त्यांना पुढेही सलत राहिली. दुधाची जागा घेणारा वनस्पतीजन्य पदार्थ सापडावा, ही त्यांची इच्छा अपुरीच राहिली.

यातून 'बघा, दुधाशिवाय चालत नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला यातून दुसरे दिसते. गांधीजींनी प्रयोग स्वतःच्या शरीरावर केला, आणि जे ठाऊक नव्हते त्याची किंमत मोजली. आज आपल्याला अधिक ठाऊक आहे. बी-12 जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले ते 1948 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. ते शेंगदाण्यात नाही, सोयाबीनमध्ये नाही, नाचणीतही नाही. दूध-अंडी सोडणाऱ्याने त्याची गोळी घेतलीच पाहिजे. ती जिवाणूंकडून तयार होते, प्राण्यांपासून नाही, आणि महाग नाही. दूध पिणाऱ्यांनीही गमजा मारू नयेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक पुरुषांत बी-12 कमी आढळले होते. हिरवा ठिपका पाहून जीवनसत्त्व शरीरात येत नसते.

आता मूळ भांडणाकडे येतो. कर्नाटकात 2013 पासून 'क्षीरभाग्य' योजनेखाली सरकारी शाळांत मुलांना दूध मिळते. त्यावर कोणी मोर्चा काढला नाही. डिसेंबर 2021 मध्ये उत्तर कर्नाटकातील 7 जिल्ह्यांत मधल्या वेळच्या जेवणात अंडे सुरू झाले (बेळगाव त्यात नव्हते) आणि काही लिंगायत व जैन धर्मगुरूंनी विरोध केला. 2022 मध्ये योजना राज्यभर गेली, म्हणजे कडोलीसारख्या गावांतल्या सरकारी मराठी शाळांपर्यंतही. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की. 2025 मध्ये चिक्की बंद झाली, साखर आणि चरबीचे कारण देऊन. उरले केळे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि 2025 च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा निधीच थांबवला. मुलखावरून दोन राज्ये कोर्टात भांडतात, पण पोराच्या ताटावरून दोघांनाही चटकन पाय मागे घेता येतो.

एका केळ्यात प्रथिने सुमारे 1 ग्रॅम असतात, अंड्यात 6. केळे चांगले फळ आहे, पण अंड्याच्या जागी केळे ठेवणे म्हणजे गवंड्याच्या जागी भटजी बोलावणे. दोघांनाही दक्षिणा द्यावी लागते, भिंत मात्र उभी राहत नाही. जे मूल घरच्या रूढीमुळे अंडे खात नाही, त्याला त्याच्या रूढीची शिक्षा का? त्याला उकडलेल्या शेंगा द्या, मटकीची उसळ द्या, साखरेचा पाक न घालता शेंगदाणे-फुटाणे द्या. चिक्कीत साखर जास्त होती तर साखर काढायची होती, शेंगदाणा कशाला काढला?

जे मूल अंडे खाते, त्याच्या ताटातून ते काढण्याचा अधिकार मला नाही, कोणत्याही मठाला नाही. हे मी अंडे न खाणारा म्हणून सांगतो. माझ्यापाशी निवड आहे, बी-12 ची गोळी आहे, दुपारी भूक लागली तर डबा उघडायला स्वयंपाकघर आहे. शाळेच्या जेवणावर ज्याचा दिवस निघतो त्या पोरापाशी यातले काहीच नाही. त्याग आपल्या ताटापुरता असतो. दुसऱ्याच्या ताटात शिरला की त्याला हिसकावणे म्हणतात.

'तुम्ही दूध सोडा म्हणता, मग गोठ्यातल्या म्हशीवर ज्याचा महिना चालतो त्या शेतकऱ्याने काय करावे?' हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी कडोलीच्या शेतकऱ्याला दूध सोडायला सांगत नाही. मी सांगतो शहरातल्या माझ्यासारख्यांना. सोडायचेच असेल तर सुटलेला पैसा परदेशी बदामाच्या पाकिटात घालू नका. त्याच शेतकऱ्याचा शेंगदाणा घ्या, सोयाबीन घ्या, नाचणी घ्या, रताळी घ्या. आणि शाळा समितीच्या सभेला जाणाऱ्या प्रत्येक पालकाने पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे, अंड्याऐवजी जे देता त्यात प्रथिने किती? उत्तर 'एक केळे' असे आले तर खाली बसू नये.