सहीला लागलेली वीस मिनिटे

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. चार वर्षांचा भाचा दोन दिवस तापाने फणफणत होता, आता उलट्या सुरू झाल्या होत्या आणि मान पुढे वाकवली की तो किंचाळत होता. इंदूरमधल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची शंका घेतली आणि पाठीतले पाणी काढण्यासाठी संमतीपत्र पुढे केले.

आजी म्हणाली, "पाठीला सुई नको रे बाबा, पोराचे पाय जातील." भावोजी पेन धरून नुसते उभे. सही व्हायला वीस मिनिटे गेली.

ही भीती घरोघरी आहे, म्हणून लिहितो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली, दोन मणक्यांमधल्या फटीत जाते. निघते ते थोडेसेच पाणी, आणि शरीर ते काही तासांत पुन्हा तयार करते. जर्मनीच्या हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणजे ती नवी नाही. मेंदूवरचा दाब वाढल्याची लक्षणे असतील तर डॉक्टर स्वतःच ती पुढे ढकलतात.

मी सॉफ्टवेअरवाला. बग शोधताना लॉगमधली एकच ओळ वाचून निष्कर्ष काढला की फसायला होते. इथेही तसेच. पेशी, साखर, प्रथिने, जमल्यास लॅक्टेट, सगळे एकत्र वाचायचे. निरोगी मुलाच्या पाण्यात पांढऱ्या पेशी अगदी मोजक्या असतात आणि साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश. जिवाणू शिरले की न्यूट्रोफिल पेशींची गर्दी होते, साखर घसरते, प्रथिने आणि लॅक्टेट वाढतात. विषाणू असेल तर बहुधा लिम्फोसाइट वाढतात, पण साखर जागेवर राहते. लिम्फोसाइट जास्त, साखर कमी आणि प्रथिने बरीच वाढलेली असतील तर क्षयाचा संशय येतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा.

भाच्याच्या पाण्यात पेशी १४००, बहुतेक न्यूट्रोफिल. साखर २२, आणि त्याच वेळी रक्तातली ९८. प्रथिने १८०. कल्चरमध्ये मात्र जंतू वाढलाच नाही. कारण आमच्याच घरात होते. फ्रिजमधल्या जुन्या अँटिबायोटिक सिरपचे दोन डोस ताईने आधीच पाजले होते. जंतू दडला, पण पेशी आणि साखरेने साक्ष दिली. इंजेक्शन डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न पाहता सुरू केले होते. रिपोर्टमुळे ते दहा दिवस चालू ठेवायचे हे ठरले.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण आता आई-बाबा झालो आहोत. तीन गोष्टी लक्षात ठेवा. ताप, उलट्या आणि ताठ मान किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट पाहू नका. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असे नाही. दूध न पिणे, सुस्ती, फुगलेली टाळू हीच खूण. घरी दिलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि शंका असेल ती विचारा, पण सही अडवून ठेवू नका.

या आजारात कधीकधी ऐकू येणे कमी होते, म्हणून घरी सोडण्यापूर्वी भाच्याचे कान तपासले. ठीक निघाले. आता आजी स्वयंपाकघरात नुसती "लाडू" असे कुजबुजली, तरी साहेब गच्चीवरून धावत येतात.