चित्रपट-विचार : ‘मुंज्या’ आणि त्याचे टीकाकार

श्री. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ रोजीं प्रदर्शित झाला. तो पाहून रहाटणीच्या आमच्या बिऱ्हाडांतील मुलें घरीं आलीं आणि आल्याबरोबर त्यांनीं मातोश्रींस गांठलें. “आजी, मुंजा पिंपळावरच कां ग राहतो?” मातोश्रींनीं हातांतलें तांदळाचें ताट बाजूस ठेवलें, उत्तर मात्र दिलें नाहीं.

चित्र थोड्या खर्चाचें. सुमारें ३० कोटींचें, असें सांगतात. नाणावलेला नायक नाहीं, तरी त्यानें देशांत १०० कोटींहून अधिक उत्पन्न मिळविलें. टीकाकारांनीं संगणकावर घडविलेल्या भुताचें, कोंकणच्या देखाव्यांचें आणि भीतीच्या जोडीस आणलेल्या विनोदाचें कौतुक केलें; उत्तरार्ध कर्कश झाला, असा ठपकाहि ठेवला. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. याच दिग्दर्शकाचा रक्तपिपासु वेताळांचा ‘थामा’ २०२५ च्या दिवाळींत बड्या नटांसह आला, त्याचें स्वागत मात्र संमिश्र झालें. आम्हांसहि धाकटें भूतच अधिक आवडलें.

परंतु एक प्रश्न बहुतेक टीकाकारांनीं सोडूनच दिला. चित्रांतील गोट्या हा १९५२ सालचा बटु. वयानें मोठ्या असलेल्या मुन्नीवर त्याचा जीव जडतो. ती मिळावी म्हणून अघोरी विधींत तो सख्ख्या बहिणीचा बळी देऊं पाहतो आणि स्वतःच प्राणास मुकतो. पुढें भूत होऊन लग्नाचा हट्ट धरतो. आमच्या घरांतून ऐकलेला मुंजा असा कामातुर नव्हता. मुंज झाली, सोडमुंज राहिली, आणि मधल्या काळांत देवी, पटकी किंवा विषमज्वर यांनीं ओढून नेलेला मुलगा, तो मुंजा. त्याचा त्रासहि पोरकटच. पिंपळाची मुंज लावण्याची चाल ज्या समाजांत पडली, त्या समाजास हें झाड केवळ भयाचें वाटत नसावें. (पार बांधून त्यावर दुपारीं आडवें होणारी मंडळी तर निर्भयच म्हणावयाचीं!) प्रेक्षकांस भिवविण्याचा दिग्दर्शकाचा अधिकार आम्हांस मान्य आहे, पण मेलेल्या मुलाचा खलपुरुष करतांना काय गमावलें, हें विचारणें टीकाकाराचें काम होतें.

रात्रीं पानें झाल्यावर मातोश्रींनीं मुलांना आपण होऊन जवळ बोलाविलें. त्यांचा थोरला भाऊ १९४७ सालीं, मुंज होऊन तीन महिने झाले नाहींत तोंच, विषमज्वरानें गेला. वय वर्षें आठ. घरांत त्याचा उल्लेख कोणी करीत नसे. त्यांची आई मात्र तिन्हीसांजेस गांवाबाहेरच्या पिंपळाखालीं दूधभात ठेवून येई, आणि तो कोणासाठीं हें विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

धाकट्यानें विचारलें, “आजी, त्याचें नांव काय होतें?”

मातोश्रींनीं तें सांगितलें. ७७ वर्षांपूर्वींचें तें नांव आम्हीहि त्या रात्रीं प्रथमच ऐकलें.