विश्लेषण : छातीत दुखतंय आणि रिपोर्टमध्ये ‘सीआरपी’ वाढलाय… याचा अर्थ हार्ट अटॅक का?

रक्ततपासणीचा रिपोर्ट आता थेट मोबाइलवर येतो. त्यात ‘सीआरपी’समोर ‘हाय’ लिहिलेले दिसले की धडकी भरते आणि ‘नॉर्मल’ दिसले की छातीतले दुखणे ‘गॅस’च्या खात्यात जाते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथून अँजिओप्लास्टीसाठी अनेकांना अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते, तिथे ही चूक महागात पडते.

सीआरपी म्हणजे काय?

शरीरात कुठेही दाह सुरू झाला की रोगप्रतिकारक पेशी ‘इंटरल्यूकिन-६’सारखे रासायनिक संदेश सोडतात. ते मिळताच यकृत ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ अर्थात सीआरपी तयार करते. म्हणजे सीआरपी हा धूर आहे. आग कुठे लागली, हे तो सांगत नाही. ताप, न्यूमोनिया, हिरड्यांचा आजार, संधिवात, लठ्ठपणा, धूम्रपान अशा अनेक कारणांनी तो वाढतो.

हृदयाशी संबंध कसा?

हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात कोलेस्टेरॉल साचते. ते गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी तिथे शिरतात आणि दाह सुरू होतो. या दाहामुळे चरबीच्या गाठीवरचे आवरण पातळ होते. ते फाटले की त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि रक्तपुरवठा तुटतो. चालताना दुखून थांबल्यावर कमी होणारी छातीची कळ (स्थिर अंजायना) आणि बसल्याजागी येणारी, वाढत जाणारी कळ (अस्थिर अंजायना) यांत हाच फरक असतो. दुसऱ्या प्रकारात दाहाचे प्रमाण सहसा जास्त आढळते.

रिपोर्ट कसा वाचायचा?

• हृदयाच्या जोखमीसाठी ‘एचएस-सीआरपी’ ही अधिक संवेदनशील चाचणी लागते.
• प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ पेक्षा जास्त म्हणजे अधिक जोखीम.
• १० च्या वर असेल तर आधी संसर्ग शोधावा आणि बरे झाल्यावर चाचणी पुन्हा करावी.
• एकक तपासा. काही लॅब प्रतिडेसिलिटर आकडा देतात, त्यात दहापट फरक पडतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीने सप्टेंबर २०२५ मध्ये ही चाचणी सरसकट करण्याची शिफारस केली. मात्र ती पुढच्या काही वर्षांची जोखीम ओळखण्यासाठी आहे, आता सुरू असलेल्या कळेचे निदान करण्यासाठी नाही.

दाह कमी करणारी औषधे घ्यावीत का?

२०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत १० हजारांवर रुग्णांचा समावेश होता आणि त्यात दाह रोखणारे कॅनाकिनुमॅब तपासले गेले. हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, पण जीवघेणे संसर्ग वाढले. २०२० मध्ये गाउटवरील जुन्या कोल्चिसिनने स्थिर हृदयरुग्णांत घटना ३१ टक्क्यांनी कमी केल्या. २०२४ मध्ये मात्र अटॅकनंतरच्या ७ हजारांवर रुग्णांत त्याचा फायदा दिसला नाही. त्यामुळे कोणाला द्यायचे, हे डॉक्टरच ठरवतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते घातक ठरू शकते.

सर्वांत मोठा गैरसमज पेनकिलरचा. ‘सूज उतरते’ म्हणून घेतले जाणारे डायक्लोफिनॅक हृदयविकाराचा धोका कमी नव्हे, उलट वाढवते.

छातीत कळ आली तर?

छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. मधुमेही आणि महिलांमध्ये लक्षणे अस्पष्ट असू शकतात. १०८ वर फोन करा. रुग्णालयात पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. त्यानंतर ‘ट्रोपोनिन’ ही चाचणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, ते सांगते. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी काही तासांनी ती पुन्हा करावी लागू शकते.

मोठा अटॅक असेल आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देऊन मग रुग्ण पुढे हलवणे, ही मान्य पद्धत आहे. रिसोड किंवा मानोऱ्याहून थेट मोठ्या शहराकडे गाडी काढण्याआधी हे विचारायलाच हवे. अँजिओप्लास्टीचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही आहे.

वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तिथे सुविधा वाढतील तसे अंतर कमी होईल. तोवर दाहाचा आकडा औषधाशिवाय खाली आणणारे उपाय हातात आहेत : विडी-सिगारेट बंद, खर्रा बंद, वजनावर ताबा, रोज चालणे आणि हिरड्यांची निगा.