बॅकअप आहे, पण कुठे आहे?

१० मार्च २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली, लाखो वेबसाइट बंद पडल्या. कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांना जाहीर सांगितलं, तुमचा डिझास्टर रिकव्हरी प्लॅन सुरू करा. अनेकांकडे असा प्लॅनच नव्हता. काहींनी तर बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, पण तो बॅकअपही त्याच इमारतीत! प्रकरण कोर्टात गेलं, भरपाईचा निकालही लागला. गेलेला डेटा काही परत आला नाही.

आपण दुकानाचा विमा काढतो, शटरला दोन कुलपं लावतो. वेबसाइटचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते होस्टिंगवाला बघतो." माझंही तेच होतं. साइट बंद पडली तेव्हा कळलं, डोमेनचा पासवर्ड साइट बनवणाऱ्या पोराकडे आणि त्याने नंबर बदललेला. तीन दिवस ऑर्डरी बंद.

म्हणून स्पष्ट सांगतो, हे काम आयटीवाल्याचं नाही, मालकाचं आहे. साइट किती तास बंद राहिलेली परवडेल, हे त्यानेच ठरवायचं. एक बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात ठेवा. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. कोणाला फोन करायचा ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि वर्षातून दोनदा त्या बॅकअपवरून साइट खरंच उभी करून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती मनाची समजूत.

आज एवढंच करा. होस्टिंगवाल्याला फोन लावा आणि विचारा, "बॅकअप नक्की कुठे ठेवता?"