आग्वादच्या भिंतींवर कोणाची नावे असावीत?

मांडवीच्या मुखाशी, जेथे नदीचे पाणी अरबी समुद्रास मिळते, तेथे पोर्तुगीजांनी १६१२ साली आग्वादचा किल्ला उभा केला. आणि युरोपातून महिनोन्‌महिने समुद्र कापीत आलेली गलबते येथील झऱ्यावर गोड्या पाण्याची पिंपे भरून घेत, म्हणून त्याचे नावही पाण्यावरूनच पडले. माथ्यावरचे प्रचंड टाके आणि १८६४ सालचा दीपस्तंभ पाहून बहुतेक प्रवासी परततात. मी गेलो तो खालच्या कोटात, लाटांच्या अगदी कडेला असलेला तो तुरुंग पाहण्यासाठी.

२०१५ साली तेथील कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलविण्यात आले, आणि जीर्णोद्धार झालेली ही वास्तू १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्त झाल्याला साठ वर्षे पूर्ण होत असता, संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. खाऱ्या वाऱ्याने चिरा झिजतो, पावसाळ्याने गिलावा सुटतो, आणि दहा-वीस वर्षांच्या अनास्थेने इतिहासाचा पुरावाच भुईसपाट होतो, हे महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दुर्दशेवरून आपणांस पुरेपूर ठाऊक असल्यामुळे, ज्यांनी ही वास्तू वाचविली त्यांचे ऋण मी मनःपूर्वक मानतो.

तथापि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या स्मरणार्थ राखलेल्या कोठडीपाशी मी उभा राहिलो, आणि बराच वेळ पुढे जाववेना. १९४६ साली, डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जूनला मडगावात सभाबंदी मोडल्यानंतर गोव्याच्या मुक्तिलढ्याचे जे पर्व सुरू झाले त्यात पकडलेल्या या पंचावन्न वर्षांच्या विद्वानास आग्वादच्या दमट, अंधाऱ्या कोठडीत ठेवण्यात आले, लष्करी न्यायासनापुढे उभे करून आठ वर्षांची सजा फर्मावण्यात आली, आणि मग थेट पोर्तुगालातील पेनिशच्या सागरी दुर्गात त्यांची रवानगी झाली. आज त्या कोठडीत प्रकाश आहे, भिंती कोरड्या आहेत, बाहेर माणसे समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढीत आहेत. त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही, कारण डागडुजीने ओल गेली तशी त्या ओलीची वेदनाही गेली, आणि ती परत आणण्याचे सामर्थ्य आता केवळ शब्दांत उरले आहे.

ते शब्द कोणते असावेत, याचे उत्तर मला त्याच पेनिशमध्ये सापडते. पोर्तुगालच्या सालाझारशाहीने आपल्याच प्रजाजनांनाही त्या दुर्गात डांबले होते; तेथे आता प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि अडीच हजारांहून अधिक राजबंद्यांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. सुताराचे नाव पुढाऱ्याच्या नावाशेजारी यावे यातच अशा स्मारकाचे खरे मोल आहे. आग्वादच्या भिंतींवरही मला असेच काही हवे आहे. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधु लिमये यांची नावे मराठी वाचकास सांगावी लागत नाहीत. परंतु १९५५ च्या गोवा सत्याग्रहात कोल्हापुराहून, बेळगावाहून, सावंतवाडीकडून सरहद्द ओलांडणारे जे असंख्य लोक लाठ्या खाऊन, गोळ्या झेलून परतले किंवा परतलेच नाहीत, आणि गोव्यातल्या खेड्यापाड्यांतून ज्या हिंदू व ख्रिस्ती तरुणांना केवळ एक पत्रक जवळ बाळगल्यावरून उचलून नेले, त्यांची नावे दफ्तरांत पडून आहेत. संग्रहालयात त्यांची यादी एखाद्या दालनापुरती न राहता नाव, गाव, वय, आरोप आणि सजा अशा पाच रकान्यांनी प्रत्येक कोठडीच्या दारापाशी, मराठीत, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये वाचता यावी.

हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. लष्करी न्यायासनाचे निवाडे, पोलीस ठाण्यांच्या नोंदी, हद्दपारीचे हुकूम हे पोर्तुगीज अंमलाचे दस्तऐवज आहेत. त्यांतले काही पणजीत, काही लिस्बनमध्ये, आणि ते वाचू शकणारे जाणकार दोन्हीकडे आहेत. मुक्तिलढ्यात मोहन रानडे या नावाने वावरणारे सांगलीचे मनोहर आपटे गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात राहिले आणि १९६९ च्या जानेवारीत सुटले; खरे नाव एक, लोकांच्या तोंडी दुसरे, अशा माणसांच्या बाबतीत तर अस्सल कागद हाती असल्यावाचून यादी बिनचूक होणारच नाही. आणि कागद जे सांगणार नाही ते सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत: १९५५ मध्ये जो विशीत होता तो आज नव्वदीत आहे. पुढील पावसाळ्याआधी कोणी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, तर त्यांच्या जबान्या अजून रुजू करून घेता येतील.