पूल वाहून गेला, पण विम्याचा कागद कामाला आला

पूल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सिमेंटचा स्लॅब येतो, नाहीतर ओढ्यावरचा साकव. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मात्र खेड्यापाड्यांत अजून लाकडी पूल आहेत, आणि तेही घरासारखं छप्पर असलेले. असे शंभराच्या आसपास पूल तिथे उभे आहेत.

हे छप्पर शोभेचं नाही. भार पेलणारी लाकडं पावसात-बर्फात उघडी राहिली की दहा-पंधरा वर्षांत कुजतात. वर छप्पर आणि बाजूंना फळ्या मारल्या की तीच लाकडं शंभर वर्षं काढतात.

बार्टन्सव्हिल गावात विल्यम्स नदीवर १८७० साली बांधलेला १५१ फुटी पूल असाच होता. जाड फळ्या ताटीसारख्या तिरप्या-उलट्या विणून, लाकडी खुंट्या ठोकून केलेला. १४१ वर्षं त्यावरून वाहतूक झाली. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाचा पाऊस कोसळला. नदीने काठ खाल्ला, पुलाचा आधार सुटला आणि अख्खा पूल पाण्यात गेला. तो क्षण मोबाईल-कॅमेऱ्यात टिपला गेला आणि जगभर फिरला. म्हणजे लाकडाने दगा दिला नाही, खालची जमीन गेली.

काँक्रीटचा पूल टाकून विषय मिटवता आला असता. पण लोकांनी धरून ठेवलं, पूल हवा तर तसाच. नुसत्या हट्टाने पूल होत नाही, पैसा लागतो. इथे रॉकिंगहॅमची, म्हणजे तिथल्या स्थानिक पंचायतीची, जुनी हुशारी उपयोगी पडली. पुलाचा दहा लाख डॉलरचा विमा आधीच उतरवलेला होता. खर्च त्याहून बराच जास्त आला. पण हातात पहिली रक्कम असल्यामुळे काम अडलं नाही. बाकीचं सरकारी मदत आणि वर्गणीतून जमलं.

नवा पूल त्याच जुन्या पद्धतीने लाकडात बांधला. फक्त लांबी वाढवली, म्हणजे पुराच्या पाण्याला वाट मिळेल. जानेवारी २०१३ मध्ये, दीड वर्षाच्या आत, तो वाहतुकीला खुला झाला.

जुनी वास्तू वाहून गेली की हळहळ सगळेच करतात. बार्टन्सव्हिलला फरक पडला तो पूल धडधाकट असताना दरवर्षी भरलेल्या हप्त्यामुळे. आपल्या गावचा पूल किंवा साकव कुणाच्या नावावर आहे, त्याचं मोजमाप आणि कागद कुठे आहेत, हे पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत विचारायला काही हरकत नाही. पूल गेल्यावर विमा उतरवता येत नाही.